बोट जुनी, इंजिन जुनं, मग जिंकलं कोण? हायड्रोप्लेन शर्यतीच्या संघामागची माणसं

हायड्रोप्लेन शर्यतीचा व्हिडिओ तुम्ही कधी पाहिला असेल, तर दोन गोष्टी नक्की लक्षात राहिल्या असतील. एक म्हणजे बोटीमागे उडणारी पाण्याची प्रचंड भिंत आणि दुसरी म्हणजे तो वेग. सरळ पट्ट्यात या बोटी ताशी ३०० किलोमीटरच्या पुढे जातात. कॅमेरा सगळा वेळ बोटीवर आणि चालकावर असतो. शर्यत संपली की करंडकही चालकच उचलतो.

पण बोट पाण्यात उतरण्याआधी तिच्यावर किती जणांचे हात फिरलेले असतात? कोणी सांगाडा बनवला, कोणी इंजिन उघडून पुन्हा जोडलं, कोणी पंख्याच्या पात्यावर बारीक तडा शोधला, कोणी वर्गणी गोळा केली. आजच्या लेखात आपण अशाच एका संघाची गोष्ट समजून घेणार आहोत. संघाचं नाव आहे ‘मिस मॅडिसन’. हा संघ कुठल्या उद्योगपतीचा नाही, अमेरिकेतल्या एका छोट्या गावाचा आहे. त्यांच्याकडे नवी बोट नव्हती, नवं इंजिन नव्हतं आणि पैसाही बेताचाच होता. तरीही १९७१ मध्ये त्यांनी या खेळातला सगळ्यात मानाचा ‘गोल्ड कप’ जिंकला. कसा? ते समजायला आधी थोडं विज्ञान बघू.

हायड्रोप्लेन म्हणजे नेमकं काय?

साधी बोट पाणी कापत पुढे जाते. वेग वाढवायचा म्हटलं की पाण्याचा विरोधही वाढतो. तुम्ही स्वतः कमरेएवढ्या पाण्यात पळायचा प्रयत्न केला असेल तर हे लगेच पटेल.

हायड्रोप्लेन यावर वेगळा उपाय काढते. ती पाण्यात राहतच नाही, पाण्यावर चढते. नदीत चपटा दगड तिरका फेकला की तो टप्पे खात जातो, तसंच काहीसं. बोटीच्या पुढच्या भागात दोन्ही बाजूंना दोन तरंगते पाय असतात, त्यांना स्पॉन्सन म्हणतात. वेग वाढला की बोटीचं सगळं अंग वर उचललं जातं आणि पाण्याला फक्त तीन ठिकाणं टेकतात: पुढचे दोन स्पॉन्सन आणि मागचा पंखा, म्हणजे प्रोपेलर. त्यातही प्रोपेलर पूर्ण बुडालेला नसतो. त्याचा खालचा अर्धा भाग पाण्यात आणि वरचा अर्धा हवेत असतो. मागे उडणारी ती पाण्याची भिंत म्हणजे याच पंख्याची करामत. तिला ‘रूस्टर टेल’, म्हणजे कोंबड्याचं शेपूट म्हणतात.

२०१७ च्या मार्चमध्ये मुंबईत मरीन ड्राइव्हसमोर पॉवरबोटच्या शर्यती झाल्या होत्या, त्या काहींना आठवत असतील. त्या बोटींचा तळ इंग्रजी ‘व्ही’ अक्षरासारखा होता, त्या लाटा कापत जातात. हायड्रोप्लेनचं तसं नाही. तिला शांत पाणी लागतं, म्हणून तिच्या शर्यती नदीत किंवा तळ्यात होतात.

आता गोम लक्षात घ्या. बोट हवेत उचलली जाते, म्हणजे तिच्यावर विमानाचे नियम लागू होतात. पण तिला विमानासारखं उडायचं नसतं. पाण्यापासून अगदी थोडंसं वर राहायचं, त्याच्या वर जायचं नाही. एवढ्या अरुंद पट्ट्यात तीन टनांच्या आसपासचं यंत्र ठेवणं हे एकट्या चालकाचं काम नाही. म्हणून हा खेळ मुळात संघाचा आहे.

सुरुवात कुठून झाली?

प्रोपेलर अर्धा बाहेर ठेवून चालणारी मोठी बोट सगळ्यांच्या नजरेत आली १९५० मध्ये. बोटीचं नाव ‘स्लो-मो-शन ४’, गाव सिएटल. तिच्यामागे तीन माणसं होती. मालक स्टॅन सेयर्स, गाड्या विकणारा. आराखडा काढणारा टेड जोन्स, बोईंग विमान कारखान्यातला कामगार. आणि बांधणारा अँकर जेन्सन, बोटी बनवणाऱ्या घरातला. जून १९५० मध्ये या बोटीने वॉशिंग्टन तळ्यावर ताशी १६० मैलांचा, म्हणजे साधारण २५८ किलोमीटरचा जागतिक विक्रम केला. पुढच्याच महिन्यात डेट्रॉइटला जाऊन तिने गोल्ड कपही जिंकला.

एकाकडे पैसा, दुसऱ्याकडे डोकं, तिसऱ्याकडे हात. या खेळातल्या जवळजवळ प्रत्येक संघाची बैठक तेव्हापासून अशीच राहिली आहे. मॅडिसनची अडचण एवढीच होती की त्यांच्याकडे पैसेवाला नव्हता.

गावाच्या मालकीची बोट

मॅडिसन हे इंडियाना राज्यातलं ओहायो नदीच्या काठचं गाव. १९७१ मध्ये लोकसंख्या साधारण १३ हजार. आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याच्या गावापेक्षाही लहान. पण नदीवर बोटींच्या शर्यती भरवायचा नाद जुना.

१९६० च्या दशकाच्या सुरुवातीला सॅम्युअल ड्युपाँट या श्रीमंत बोटमालकाने आपली एक वापरलेली बोट गावाला देऊन टाकली. गावाने तिचं नाव ‘मिस मॅडिसन’ ठेवलं. १९६३ मध्ये त्या बोटीला अपघात झाला, तेव्हा गावाने त्याच मालकाची दुसरी बोट घेतली. तीही वापरलेलीच. १९७१ मध्ये जी बोट गोल्ड कपमध्ये उतरली ती हीच, १९६० साली बांधलेली. शर्यतीच्या जगात ११ वर्षं म्हणजे म्हातारपणच.

गावाच्या मालकीची म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगायची गरज नाही. आपल्याकडे गणपती मंडळ कसं चालतं? वर्गणी, देणगीदार, रात्री जागणारे कार्यकर्ते आणि कोणीतरी सारखा हिशोब मांडणारा. मिस मॅडिसनचा कारभार साधारण असाच होता. बहुतेक माणसं आपापला कामधंदा सांभाळून यायची. मोठ्या संघांकडे पगारी मेकॅनिक, सुट्या इंजिनांचा साठा आणि दारूच्या किंवा मालवाहतुकीच्या कंपन्यांचा पैसा. इकडे एक इंजिन फुटलं तर पुढची शर्यत खेळायची की नाही, याचाच विचार करावा लागे.

त्यात एक योगायोग घडला. गोल्ड कप कुठे भरवायचा यासाठी शहरं बोली लावायची. १९७१ साठी ठरलेल्या मुदतीत रीतसर बोली पोहोचली ती एकट्या मॅडिसनची, ३० हजार डॉलरची. मोठमोठी शहरं बाजूला राहिली आणि १९०४ पासून चालत आलेला मानाचा करंडक या छोट्या गावाच्या घाटावर आला. आता पाहुण्यांना बोलावलंय म्हटल्यावर यजमानांची बोट शेवटची येऊन कसं चालेल?

सांगाडा बांधणारा सुतार

मिस मॅडिसनचा सांगाडा बांधला होता लेस स्टॉडाकर याने. मिशिगन राज्यातल्या कॉकॉलिन नावाच्या खेड्यात त्याचा कारखाना होता. गंमत म्हणजे तिथे चर्चमधली लाकडी बाकडी बनत. त्याच कारखान्यातून देशातल्या कितीतरी वेगवान शर्यतीच्या बोटी बाहेर पडल्या.

बाकडं बनवणाऱ्याला शर्यतीची बोट कशी जमली? त्या काळच्या हायड्रोप्लेन लाकडाच्या असत. पाण्याचा प्रत्येक तडाखा लाकडी सांध्यावर बसतो. वजन कमी ठेवायचं, पण सांधा उघडता कामा नये. हे काम लाकूड ओळखणाऱ्या माणसाचं. गणित कागदावर करता येतं, पण कुठली फळी कुठे वाकेल हे हाताला कळावं लागतं. मिस मॅडिसन ११ वर्षं टिकली यात त्या हातांचाही वाटा आहे.

आजच्या बोटींमध्ये लाकूड गेलं. ॲल्युमिनियम, कार्बन फायबर आणि मधमाश्यांच्या पोळ्यासारखी रचना असलेले हलके थर आले. पण सांधा उघडू न देणं, हे काम तेच आहे.

इंजिन लढाऊ विमानाचं

बोटीला एवढी ताकद कुठून मिळायची? उत्तर आहे दुसऱ्या महायुद्धाच्या भंगारातून. युद्ध संपल्यावर लढाऊ विमानांची हजारो इंजिनं स्वस्तात विकायला निघाली. शर्यतवाल्यांनी ती उचलली.

त्यात दोन इंजिनं मुख्य. एक रोल्स-रॉइस मर्लिन, स्पिटफायर विमानातलं. ही स्पिटफायर आपल्या हवाई दलाकडेही होती. दुसरं ॲलिसन, पी-४० आणि पी-३८ या अमेरिकी विमानांतलं. दोन्ही १२ सिलिंडरची, दोन्ही २७-२८ लिटरची. तुलना करायची तर आपली लहान कार साधारण सव्वा लिटरची असते.

१९७१ पर्यंत आघाडीचे संघ बहुतेक मर्लिनकडे वळले होते. त्याच्यात ताकद जास्त. मिस मॅडिसनमध्ये मात्र ॲलिसन होतं. म्हणजे बोट जुनी, इंजिन कमी ताकदीचं आणि तेही युद्धकाळातलं. त्या मोसमात मॅडिसनने तोवर एकही शर्यत जिंकली नव्हती.

शनिवारची रात्र

शर्यत रविवारी, ४ जुलै १९७१ रोजी होती. अमेरिकेचा स्वातंत्र्यदिन. चालक होता जिम मॅकॉर्मिक, ओहायो नदीकाठच्याच ओवेन्सबोरो गावचा. बोट चांगली चालत होती, पण जिंकण्यासाठी थोडी ताकद कमी पडणार हे त्याला दिसत होतं.

त्याने नेवाडातल्या रीनो शहरात फोन लावला. तिथे हॅरी व्होल्पी आणि एव्हरेट ॲडम्स नावाचे दोन मेकॅनिक होते. पूर्वी ते ‘हॅराज क्लब’ या कॅसिनोच्या संघासाठी काम करायचे. तो संघ आता बंद पडला होता. पण ॲलिसन इंजिनाची नस ओळखणारी माणसं म्हणून या दोघांचं नाव होतं. दोघे विमान पकडून मॅडिसनला आले आणि टोनी स्टाइनहार्ट, बॉब हम्फ्री, डेव्ह स्टुअर्ट या नेहमीच्या मंडळींबरोबर कामाला लागले.

काम होतं एका जुन्या युक्तीचं: पाणी आणि अल्कोहोलचा फवारा. ही युक्ती समजून घेण्यासारखी आहे.

इंजिनात पाणी? हे कसं काय?

इंजिनाची ताकद वाढवायचा सोपा मार्ग म्हणजे सिलिंडरमध्ये जास्त हवा कोंबणं. विमानाच्या इंजिनात त्यासाठी सुपरचार्जर असतो, म्हणजे हवा दाबून भरणारा पंप. हवा जास्त, म्हणजे इंधनही जास्त जाळता येतं.

पण हवा दाबली की तापते. सायकलच्या पंपाने हवा भरताना पंपाचं तोंड गरम लागतं, तेच हे. हवा फार तापली की इंधन ठिणगीची वाट बघत नाही. आपल्या वेळेआधीच, भलत्या ठिकाणी पेट घेतं. पिस्टन वर येत असतानाच त्याच्या डोक्यावर हातोडा बसावा तसं होतं. याला ‘नॉकिंग’ म्हणतात. असे काही तडाखे बसले की पिस्टनला भोक पडतं आणि इंजिन संपतं.

यावर तोडगा म्हणजे आत जाणाऱ्या हवेत पाणी आणि अल्कोहोलचा बारीक फवारा मारायचा. पाण्याची वाफ होताना ते भोवतालची उष्णता शोषून घेतं. उन्हाळ्यात माठातलं पाणी ज्या कारणाने गार होतं, तेच कारण. हवा गार झाली की इंधन वेळेआधी पेटत नाही आणि सुपरचार्जरचा दाब आणखी वाढवता येतो. अल्कोहोल स्वतःही जळतं, त्यामुळे पाण्याने आग मंदावत नाही. युद्धात वैमानिक हाच उपाय थोड्या वेळासाठी जादा ताकद मिळवायला वापरायचे.

ऐकायला सोपं वाटतं, पण खरी मेख प्रमाणात आहे. फवारा कमी पडला तर पिस्टन जळणार, जास्त झाला तर इंजिन घुसमटणार. किती पाणी, किती अल्कोहोल, कुठल्या दाबाला फवारा सुरू करायचा, हे पुस्तकात थोडंसं लिहिलेलं असतं. बाकीचं कळतं ते इंजिनं फोडून फोडून. व्होल्पी आणि ॲडम्स यांच्याजवळ हीच शिदोरी होती. मॅडिसनने नवा भाग विकत आणला नाही. अनुभव असलेली दोन माणसं बोलावली.

रविवार

नदीच्या दोन्ही काठांवर एक लाखाहून जास्त लोक जमले होते असं सांगतात. म्हणजे गावाच्या सात-आठपट. एबीसी वाहिनीने या शर्यतीचं चित्रण केलं.

या खेळात एकच शर्यत नसते. आधी छोट्या फेऱ्या होतात, प्रत्येक फेरीला गुण मिळतात आणि मग अंतिम फेरी. दोन फेऱ्यांच्या मधल्या वेळात बोट पाण्याबाहेर काढून तपासायची, बिघडलं असेल ते बदलायचं आणि परत उतरवायची. म्हणजे दिवसभर खरी धावाधाव घाटावर चालू असते.

अंतिम फेरीत सुरुवातीला पुढे होता ‘ॲटलस व्हॅन लाइन्स’ बोटीचा चालक टेरी स्टेरेट. मॅकॉर्मिकने त्याला गाठलं, मागे टाकलं आणि मग अंतर वाढवत नेलं. फवारा नीट चालला. पिस्टन टिकले. ११ वर्षांची बोट आपल्याच गावच्या घाटासमोर गोल्ड कप जिंकून आली.

कोणी म्हणेल, एखाद्या दिवशी नशीब साथ देतं. पण त्यानंतर लगेच वॉशिंग्टन राज्यातल्या ट्राय-सिटीज इथे झालेली शर्यतही याच बोटीने जिंकली. या सगळ्यावर पुढे ‘मॅडिसन’ नावाचा चित्रपट आला, त्यात जिम कॅव्हिझेलने मॅकॉर्मिकचं काम केलं आहे. चित्रपटात नाट्यासाठी बऱ्याच गोष्टी बदलल्या आहेत, त्यामुळे तो इतिहास म्हणून बघू नका.

ज्यांची किंमत दुसऱ्यांनी मोजली

आता या खेळाची काळी बाजू. ती टाळून संघाची गोष्ट पुरी होत नाही.

१९७१ मध्ये चालक उघड्या कॉकपिटमध्ये बसायचा, तोही पट्टा न लावता. ऐकून धक्का बसतो ना? त्यामागे तेव्हाचा विचार असा होता की अपघात झाला तर फुटणाऱ्या बोटीत अडकण्यापेक्षा बाहेर फेकलं गेलेलं बरं. पण ताशी २५० किलोमीटर वेगाने आदळणाऱ्या माणसाला पाणी मऊ लागत नाही. १९ जून १९६६ रोजी वॉशिंग्टन डीसीमध्ये एकाच दिवशी तीन चालक गेले: रॉन मुसन, रेक्स मँचेस्टर आणि डॉन विल्सन. त्यानंतर दोनच आठवड्यांनी डेट्रॉइटमध्ये चक थॉम्पसन गेला. मॅकॉर्मिक आणि त्याच्या बरोबरीचे चालक हे सगळं माहीत असूनच कॉकपिटमध्ये बसत होते.

पुढे बोटी रुंद आणि चपट्या झाल्या, वेग वाढला आणि नवा धोका आला. बोटीचं नाक जरा जास्त वर गेलं की खाली हवा घुसते आणि बोट मागच्या बाजूला कोलांटी घेते. याला ‘ब्लो-ओव्हर’ म्हणतात. ऑक्टोबर १९८१ मध्ये मेक्सिकोतल्या अकापुल्को इथे बिल मन्सी पुढे असतानाच त्याची बोट अशी उलटली आणि तो गेला. ६२ शर्यती आणि ८ गोल्ड कप जिंकलेला, या खेळातला सगळ्यात मोठा चालक. पुढच्याच वर्षी, ३१ जुलै १९८२ रोजी, ‘मिस बडवायझर’चा चालक डीन चेनोवेथ ट्राय-सिटीजला गेला. त्याचीही बोट तशीच उलटली.

इथून पुढे जे घडलं ते पडद्यामागच्या माणसांचं काम आहे. ‘मिस बडवायझर’चा मालक बर्नी लिटल आणि त्याच्या संघाने एफ-१६ लढाऊ विमानाचं काचेचं छत आणून कॉकपिटवर बसवलं आणि चालकाला मजबूत कवचात पट्ट्यांनी बांधलं. म्हणजे जुना विचार अगदी उलटा केला: बाहेर फेकायचं नाही, आत ठेवायचं आणि कवच फुटू द्यायचं नाही. १९८० चं दशक संपता संपता बंद कॉकपिट सगळ्यांनाच सक्तीचं झालं. आज चालकाच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क असतो. बोट उलटी तरंगत राहिली तर बाहेर पडायला तळाला एक झडप असते. पाणबुडे मदतीला तयार असतात. आता बोट उलटल्यावर चालक स्वतःच्या पायांनी चालत जाताना दिसतो, त्यामागे हा सगळा हिशोब आहे.

आणखी एका व्यक्तीचं नाव घ्यायला हवं: फ्रॅन मन्सी, बिलची पत्नी. नवरा या खेळात गेल्यावर तिने तोंड फिरवलं असतं तर कोणी दोष दिला नसता. पण आराखडे काढणारा जिम लुसेरो आणि तरुण चालक चिप हॅनॉर यांना घेऊन तिने संघ चालू ठेवला. १९८२ ते १९८८ अशी सलग सात वर्षं गोल्ड कप हॅनॉरनेच जिंकला. एका बाईने शर्यतीचा संघ चालवणं त्या काळात अमेरिकेतही नेहमीची गोष्ट नव्हती.

आजच्या संघात कोण कोण असतं?

विमानाची पिस्टन इंजिनं हळूहळू संपत गेली आणि १९८० च्या दशकात टर्बाइन आलं. आज बहुतेक बोटींत लायकमिंगचं टी-५५ इंजिन असतं, साधारण ३ हजार अश्वशक्तीचं. हे मूळचं चिनूक हेलिकॉप्टरचं. आपल्या हवाई दलाकडे २०१९ पासून जी दोन पंख्यांची मोठी चिनूक हेलिकॉप्टरं आहेत, त्यांत याच घराण्यातलं नव्या पिढीचं इंजिन असतं. बोटवाल्यांना मात्र लष्कराने वापरून टाकलेली जुनी इंजिनं मिळतात. म्हणजे इंजिन आजही दुसऱ्या हाताचंच!

मग संघातली कामं अशी वाटलेली असतात.

क्रू चीफ: घाटावरचा कर्ता माणूस. हवा, पाणी, लाटा बघून बोटीची जुळवणी ठरवतो. शेवटचा ‘हो’ किंवा ‘नाही’ त्याचा.

इंजिनवाले: टर्बाइन उघडणं, पाती तपासणं, पुन्हा जोडणं. मिनिटाला किती इंधन जाळायचं यावर नियमाची मर्यादा असते. ती ओलांडली तर दंड, फार खाली राहिलं तर मागे पडणार. सगळा खेळ मर्यादेच्या काठावर राहण्याचा.

प्रोपेलरवाला: अर्धा पाण्यात, अर्धा हवेत फिरणाऱ्या पात्याला प्रत्येक फेऱ्यात पाण्याचा दणका बसतो आणि असे फेरे मिनिटाला हजारो होतात. केसाएवढा तडा राहिला तर पातं तुटून बोटीचा तळ फाडू शकतं. म्हणून बोट बाहेर आली की पंखा बारकाईने तपासला जातो. कुठल्या पाण्यासाठी कुठला पंखा, ही निवडही जिंकण्या-हरण्याची असते.

माहिती वाचणारा: बोटीवर सेन्सर असतात. इंजिनाचे फेरे, तापमान, इंधन, वेग हे सगळं नोंदलं जातं. फेरी संपली की लॅपटॉपवर ते वाचून पुढच्या फेरीत काय बदलायचं ते ठरतं.

स्पॉटर: माझ्या मते सगळ्यात रंजक काम. हा माणूस उंच जागी उभा राहून रेडिओवर चालकाशी बोलतो. कारण इथे सुरुवात धावत्या बोटींनी होते. घड्याळाचा काटा शून्यावर यायच्या क्षणी रेषा ओलांडायची असते. आधी ओलांडली तर दंड, उशीर झाला तर पुढच्याच्या रूस्टर टेलचं पाणी थेट अंगावर. शिवाय चालकाला मागचं फारसं दिसत नाही. बाजूला कोण आहे, आत वळायला जागा आहे का, हे स्पॉटर सांगतो. म्हणजे डोळे एकाचे आणि हात दुसऱ्याचे.

चालक: आणि मग तो, ज्याला सगळे बघतात. त्याच्या एका पायाखाली इंजिनाची ताकद, दुसऱ्या पायाखाली बोटीच्या नाकाजवळचा छोटा पंख. नाक वर जायला लागलं की हा पंख वाकवून ते खाली दाबायचं. वळणावर डाव्या स्पॉन्सनला लावलेलं उभं पातं पाण्यात रुतून बोटीला धरून ठेवतं. शर्यत घड्याळाच्या उलट दिशेने असते, म्हणून पातं डावीकडे.

यातली बरीच माणसं आजही पूर्णवेळ पगारी नाहीत. आठवडाभर नोकरी, संध्याकाळी वर्कशॉप, शनिवार-रविवारी शर्यत. मिस मॅडिसनच्या संघात माईक हॅन्सन नावाचा माणूस आधी चालक होता आणि पुढे क्रू चीफ झाला. कॉकपिटमधून उतरलेला माणूस घाटावर उभा राहिला की त्याला काय तपासायचं ते नेमकं माहीत असतं. आत बसल्यावर कशाची भीती वाटते, हे त्याने स्वतः अनुभवलेलं असतं.

आणि गाव? बोटीची मालकी आजही मॅडिसन गावाकडेच आहे. बोटीवर नाव प्रायोजकाचं असतं, कधी खाद्यपदार्थांची कंपनी, कधी बँक. ‘यू-६’ हा या संघाचा जुना अंक. १९७१ नंतर घरच्या पाण्यावर पुन्हा जिंकायला त्यांना थेट २००१ साल उजाडलं. ३० वर्षं गावाने संघ सोडला नाही, हे मला गोल्ड कपपेक्षाही मोठं वाटतं.

थोडक्यात सांगायचं तर

तंत्रज्ञान म्हटलं की आपल्याला नवं काहीतरी आठवतं. नवा प्रोसेसर, नवं इंजिन, नवं मॉडेल. मिस मॅडिसनच्या गोष्टीत नवं काहीच नव्हतं. बोट दुसऱ्याने वापरलेली, इंजिन युद्धातलं, पाण्याच्या फवाऱ्याची युक्तीही त्याच काळातली. बाकीच्यांनाही हे सगळं माहीत होतं.

फरक पडला तो शनिवारी रात्री प्रमाण जुळवणाऱ्या हातांनी. त्याआधी लाकडाचा सांधा पक्का बसवणाऱ्या हातांनी. आणि जिंकायची काही हमी नसताना दर वर्षी वर्गणी देणाऱ्या हातांनी.

पुढच्या वेळी असा व्हिडिओ बघाल तेव्हा बोट घाटाला लागल्यावर लगेच बंद करू नका. चालक हात हलवत असतो, तेव्हा मागे एखादा माणूस वाकून पंख्याच्या पात्यावरून बोट फिरवताना दिसेल. पुढची फेरी होणार की नाही, हे तो ठरवत असतो.